शिसपेन्सिल आणि शैली : व्हॅन गॉगची घडणीची वर्षे

चित्रकलेविषयी बोलताना 'शैली' हा शब्द आपल्या तोंडी फार लवकर येतो. एखाद्या चित्रापुढे उभे राहिलो, की 'ही अमक्याची शैली' असे आपण सहज म्हणून जातो. आणि चित्रकलेच्या वर्गात चार महिने काढलेला विद्यार्थीदेखील आपली स्वतःची शैली केव्हा सापडणार, या काळजीत पडलेला दिसतो. जणू काही शैली ही कोठेतरी ठेवलेली वस्तू आहे आणि शोधणाऱ्याला ती एके दिवशी अवचित हाती लागते! शैली म्हणजे नेमके काय, ती कमवावी लागते की आपोआप येते, आणि तिचा शिक्षणाशी संबंध कोणता, या प्रश्नांचा विचार एका चित्रकाराच्या आयुष्यातील मोजक्या पाच-सहा वर्षांच्या आधाराने करावयाचा आहे. तो चित्रकार म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग. परंतु सूर्यफुलांचा आणि पिवळ्याधमक शेतांचा जो व्हॅन गॉग आपण दिनदर्शिकांवर पाहतो, तो येथे अभिप्रेत नाही. रंगांत स्थिरावण्यापूर्वी ज्याने हातात शिसपेन्सिल घेऊन म्हातारे, मजूर, शिवणकाम करणाऱ्या बायका यांची शेकडो रेखाटने केली, त्या व्हॅन गॉगविषयी हे विवेचन आहे.

प्रथम त्या साधनाविषयी थोडेसे. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे मुळीच नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेस बोरोडेल येथे एक मऊ, काळा, कागदावर उमटणारा खनिज पदार्थ सापडला. तो शिशाचाच एखादा प्रकार असावा, अशी लोकांची समजूत झाली आणि नावात शिसे शिरले, ते कायमचे. शेले या शास्त्रज्ञाने १७७९ साली हा पदार्थ वस्तुतः कार्बनचा एक प्रकार असल्याचे दाखवले. आणि १७८९ मध्ये वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'ग्राफाइट' हे नाव दिले. पुढे फ्रान्सचे इंग्लंडशी युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजी ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड मातीत मळून व भट्टीत भाजून पेन्सिलीच्या कांड्या तयार केल्या. त्याचे पेटंट १७९५ चे आहे. मातीचे प्रमाण वाढवले की पेन्सिल कठीण होते, कमी केले की मऊ आणि काळी होते. आज दुकानात आपण निरनिराळ्या क्रमांकांच्या पेन्सिली मागतो, त्यांच्या मुळाशी हीच युक्ती आहे.

ग्राफाइटची रचना पापुद्र्यांची असते. हे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, कागदाच्या खरबरीत अंगावर अडकून राहतात, आणि त्यांचीच रेघ बनते. ही रेघ कोळशासारखी फुंकरीने उडत नाही, शाईसारखी कायमचीही होत नाही. ती खोडता येते, पुसता येते, तिच्यावर पुन्हा काढता येते. म्हणून शिकणाऱ्याला पेन्सिलीइतके क्षमाशील साधन नाही. परंतु तिच्यात एक दोषही आहे. ते पापुद्रे चकाकतात. पेन्सिलीने कितीही गडद छाया भरली, तरी कागद उजेडात जरा तिरपा धरला की ती काळी न दिसता करडी आणि तुकतुकीत दिसू लागते. हा दोष लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता कोणी म्हणेल, की शैली ही साधनातूनच येत असेल. तसे नाही, हे दाखवण्यास एक उदाहरण पुरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अँग्र हा फ्रेंच चित्रकार रोममध्ये राहत होता. १८१५ साली नेपोलियनची सत्ता गेली, रोममधले फ्रेंच अधिकारी परतले आणि अँग्रचे आश्रयदाते नाहीसे झाले. पोटासाठी त्याने रोम पाहावयास येणाऱ्या परदेशी प्रवाशांची पेन्सिलीने व्यक्तिचित्रे काढून दिली. अशी त्याची सुमारे साडेचारशे चित्रे आज ज्ञात आहेत. अणकुचीदार टोकाची पेन्सिल, गुळगुळीत कागद, चेहऱ्यावर श्वासासारखी हलकी छाया, आणि अंगावरचा कोट किंवा झगा केवळ चार-दोन न चुकणाऱ्या रेघांत. हात कोठे अडखळला म्हणून दिसत नाही. हेच ग्राफाइट व्हॅन गॉगच्याही हाती होते, आणि त्याच्या कागदावर मात्र पदोपदी हात अडखळलेला दिसतो. साधन एक, शैली दोन. तेव्हा शैलीचे मूळ अन्यत्र शोधावयास हवे.

व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडमधील झुंडर्ट या खेड्यात, एका पाद्र्याच्या घरी झाला. सोळाव्या वर्षी तो चित्रे विकणाऱ्या गूपिल या पेढीत नोकरीस लागला. हेग, लंडन, पॅरिस अशा शाखांतून सात वर्षे काढल्यावर १८७६ मध्ये ती नोकरी सुटली. नंतर शाळामास्तर, पुस्तकांच्या दुकानातला कारकून, धर्मशास्त्राचा विद्यार्थी असे सारे करून तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात धर्मप्रचारक म्हणून गेला. तेथेही वर्षभरात त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यास वरिष्ठांनी नकार दिला. अंगावरचे कपडे खाणकामगारांना वाटून टाकणारा प्रचारक कोणत्या संस्थेस परवडणार? १८८० च्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने धाकटा भाऊ थिओ याला कळवले, की आता आपण चित्रकलाच करणार. ज्या वयात इतर चित्रकारांची प्रदर्शने भरू लागतात, त्या वयात याने पहिली शिसपेन्सिल तासली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हॅन गॉग म्हणजे शिक्षण झुगारून देणारा, अंतःस्फूर्तीवर विसंबणारा माणूस, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात त्याने आरंभ केला तो अत्यंत शिस्तबद्ध आणि कंटाळवाण्या अभ्यासाने. शार्ल बार्ग या चित्रकाराने जेरोमच्या साहाय्याने केलेला रेखांकनाचा पाठ्यक्रम गूपिल पेढीनेच प्रसिद्ध केला होता. त्याचे तीन भाग, एकंदर १९७ तक्ते: पहिल्या भागात प्लॅस्टरच्या मूर्तींची रेखाटने, दुसऱ्यात जुन्या थोर चित्रकारांच्या रेखाटनांच्या प्रती, तिसऱ्यात नग्न मानवी आकृतीचे साठ अभ्यास. खाणकामगाराच्या घरातल्या एका चिमुकल्या खोलीत, जेथे कागद पसरण्यापुरतीही जागा नव्हती, तेथे बसून त्याने हे तक्ते उतरवून काढले. आणि एकदा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून काढले. मिले या चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरूनही त्याने अशाच प्रती केल्या. चांगल्या अक्षरासाठी मुलाने कित्ता गिरवावा, तसे हे गिरवणे होते.

१८८१ च्या एप्रिलमध्ये तो एटन या गावी आईबापांकडे येऊन राहिला आणि तेथे तक्त्यांऐवजी जिवंत माणसे काढू लागला: बी पेरणारा, कुदळीने खणणारा, चुलीपाशी बसलेला म्हातारा, बटाटे सोलणारी बाई. ही रेखाटने आज पाहिली म्हणजे त्यांतले अवघडलेपण चटकन डोळ्यांत भरते. माणसे बहुधा एका बाजूने काढलेली. हात लांब, धड आखूड. पुढे झुकलेल्या अंगाचा कल जुळलेला नाही. निसर्ग प्रथम चित्रकाराला विरोधच करतो, पण जो त्या विरोधाने मागे हटत नाही त्यालाच तो वश होतो, अशा आशयाचे त्याने या काळात लिहिले आहे. हा विरोध मोडून काढण्याच्या झटापटीच्या खुणा त्याने कागदावरून पुसल्या नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

त्या वर्षाच्या नाताळात वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले आणि तो हेग शहरी निघून गेला. तेथे आईच्या नात्यातला अँटन मॉव्ह हा नामांकित चित्रकार होता. त्याने व्हिन्सेंटला जलरंग व तैलरंग शिकवले, पैशाची मदतही केली. परंतु मॉव्हचा आग्रह असा, की अजून प्लॅस्टरच्या मूर्तींवरून काढणे चालू ठेवावे. व्हिन्सेंटला जिवंत माणूस हवा होता. एके दिवशी संतापून त्याने ते प्लॅस्टरचे हातपाय कोळशाच्या पेटीत भिरकावून दिले आणि त्यांचे तुकडे झाले.

ही आख्यायिका नव्हे. त्याने स्वतःच थिओला लिहिलेली हकीकत आहे. मात्र तिच्यावरून भलताच निष्कर्ष काढू नये. ज्याने बार्गचा मूर्तींचा भाग पुनःपुन्हा गिरवला होता, त्याने त्या मूर्ती फोडल्या. त्याचे भांडण अभ्यासाशी नव्हते, अभ्यासाच्या विषयाशी होते. पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरला वय नसते, थकवा नसते, ठिगळे नसतात. आणि व्हिन्सेंटला तर तेच काढायचे होते. आपल्याकडेही १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत दीर्घकाळ ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टर-प्रतिकृतींवरून रेखांकन शिकवले गेले. युरोपातील त्याच अकादमीच्या परंपरेचा तो एक फाटा होता. या पद्धतीने हाताला वळण लागते, यात शंका नाही. परंतु वळण कशासाठी वापरावयाचे, हे ती पद्धत सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

व्हिन्सेंटने ते कसे ठरवले? १८८२ च्या आरंभी त्याला सीन हूर्निक ही बाई भेटली. ती गरोदर होती, एक लहान मुलगी पदरी होती, आणि रस्त्यावर देह विकून ती पोट भरत होती. तो तिला मॉडेल म्हणून काम देऊ लागला आणि पुढे तिला व तिच्या मुलांना घेऊन एकत्र राहू लागला. नातेवाइकांनी तोंड फिरवले. मॉव्हनेही संबंध तोडला. थिओ पॅरिसहून महिन्याला दीडशे फ्रँक पाठवी, त्यात हा संसार, कागद, पेन्सिली आणि मॉडेलची मजुरी भागवायची. चित्रांची विक्री करणाऱ्या एका काकाने हेगच्या देखाव्यांची बारा लहान रेखाटने अडीच गिल्डरला एक या दराने मागितली होती. अशी कामे मिळवून थोडेबहुत कमावता आले असते. पण देखाव्यांत त्याचे मन रमेना. त्याला माणसाची आकृती हवी होती, आणि माणसाला समोर बसवायचे म्हणजे पैसे पडत. पोटाला चिमटा घेऊन तो ते देत राहिला.

त्या एप्रिलमध्ये सीनवरून त्याने एक रेखाटन केले. त्याचे नाव 'दुःख'. एक नग्न स्त्री जमिनीलगत बसली आहे. गुडघ्यांवर हात, हातांवर डोके. केस पाठीवर सुटलेले, स्तन ओघळलेले, पोट गर्भाने पुढे आलेले. चेहरा दिसत नाही. एका बारीक, टणक बाह्यरेषेत सारा देह बांधून काढला आहे. याच सुमारास त्याने वाळूतून उघड्या पडलेल्या झाडाच्या मुळांचे एक रेखाटन केले आणि थिओला लिहिले, की त्या स्त्रीच्या आकृतीत जे आणू पाहिले तेच या मुळांतही आणू पाहिले: जमिनीला घट्ट धरून राहणे आणि तरीही वादळाने अर्धवट उपटले जाणे. पुढे एकदा शेंडे छाटलेल्या झाडांची रांग पाहून त्याला अनाथाश्रमातल्या म्हाताऱ्यांची मिरवणूक आठवली. माणसाच्या आकृतीचा अभ्यास त्याच्या पाहण्यात इतका मुरला होता, की झाडही त्याला माणसासारखे दिसू लागले. शैलीचा पहिला अंकुर मला येथे दिसतो. अजून हाताची अशी खास लकब जमलेली नाही. पण डोळा मात्र ठरलेला आहे.

हात कसा ठरला, ते आता पाहू. व्हिन्सेंटच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फ्रेंच अकादमी नव्हती, तर इंग्लंडमधील सचित्र साप्ताहिके होती. १८६९ साली निघालेल्या 'द ग्राफिक' या साप्ताहिकात ल्यूक फिल्ड्स, ह्यूबर्ट हेर्कोमर, फ्रँक हॉल यांची लाकडी ठशांवरून छापलेली काळी-पांढरी चित्रे येत: थंडीत रात्रनिवाऱ्याबाहेर रांगेत उभे असलेले बेघर, प्रार्थनेस बसलेले जुने सैनिक. १८८३ च्या आरंभी त्याने 'ग्राफिक'चे एकवीस खंड विकत घेतले आणि त्यांतील चित्रे कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांचा संग्रह केला. ज्यांच्या घरी तैलचित्र कधी जाणार नाही, त्यांच्या घरात जाऊ शकेल असे चित्र त्याला हवे होते. आणि असे चित्र काळ्यापांढऱ्यात ठसठशीत उभे राहिले पाहिजे. अँग्रची रुपेरी, नाजूक रेघ तेथे कामाची नव्हती. त्याला काळा रंग हवा होता. जाड, खोल आणि न चकाकणारा.

येथे ग्राफाइटचा तो दोष आडवा आला. बारीक कुटलेल्या ग्राफाइटच्या सुबक पेन्सिलींपेक्षा त्याला सुताराची पेन्सिल पसंत होती. सुतार लाकडावर खूण करायला वापरतो ती चपटी, जाड कांडीची पेन्सिल. गडगडत जाऊ नये म्हणून चपटी केलेली, चाकूने तासायची. तिची कड लावली तर बारीक रेघ, पूर्ण अंग लावले तर बोटभर रुंद पट्टा. १८८३ च्या उन्हाळ्यात फाबर पेढीच्या एका जाड, मऊ आणि चांगल्या काळ्या पेन्सिलीविषयी त्याने व्हान रॅपार्ड या चित्रकार मित्राला मोठ्या उत्साहाने लिहिले आहे. पण काळेपणा मिळाला तरी चकाकी राहतेच. तिच्यावर त्याने काढलेला तोडगा स्वयंपाकघरातला होता. खरबरीत जाड जलरंगाच्या कागदावर पेन्सिलीने जोरकस काम करायचे आणि मग त्यावर दूध, किंवा दूध आणि पाणी, ओतायचे! दुधातील केसीन वाळताना ग्राफाइटचे कण कागदाला धरून ठेवते आणि त्यांची चकाकी मारते. काळे ते मंद, मखमली काळे होते; आणि वर पुन्हा खडूने अथवा शाईने काम करता येते. नाजूक कागद हा मारा सहन करता ना. म्हणून कागदही जाड. असे एकेक साधन गरजेतून ठरत गेले. ज्याला आपण पुढे 'व्हॅन गॉगची रांगडी रेघ' म्हणून ओळखतो, तिच्यामागे सुताराची पेन्सिल, जाड कागद आणि पेलाभर दूध आहे.

आकृतीच्या मापांसाठी त्याने आणखी एक उपाय केला. १८८२ च्या उन्हाळ्यात लोहार-सुताराकडून त्याने एक चौकट करवून घेतली. ती दोन खांबांवर जमिनीत रोवायची आणि तिच्यात ताणलेल्या दोऱ्यांच्या जाळीतून पाहायचे, म्हणजे जवळ काय, दूर काय, कोणती रेघ किती तिरपी, याचा अंदाज येतो. ही युक्ती जुनीच होती. ड्यूररनेही असे यंत्र चितारून ठेवले आहे. आपल्या हातातली उणीव ओळखून तिच्यावर अवजार करवून घेणारा हा माणूस अंतःस्फूर्तीची वाट पाहत बसणारा नव्हे.

१८८२ च्या शरदात त्याला हवा तसा मॉडेल भेटला. हेगमधील एका वृद्धाश्रमात आद्रियानस झाउडरलांड नावाचा बहात्तर वर्षांचा म्हातारा राहत असे. आश्रमातील त्याचा क्रमांक १९९. टक्कल, पांढरे कल्ले, लांब जुनाट कोट. अशा आश्रितांना तेथील लोक 'अनाथ पुरुष' म्हणत, आणि हा शब्द व्हिन्सेंटला फार खरा वाटला. छत्री घेतलेला, कॉफी पिणारा, उंच टोपी घातलेला, पुस्तक वाचणारा, अशी त्याची रेखाटने त्याने एकामागून एक केली. नोव्हेंबरात त्याने त्या म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवले: कोपरे मांडीवर, मुठींत चेहरा. या रेखाटनास त्याने इंग्रजीत नाव दिले, त्याचा अर्थ 'थकलेला', 'झिजून गेलेला'. आज ते आम्सटरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

एटनमध्ये १८८१ साली त्याने हाच विषय काढून पाहिला होता: चुलीशेजारी डोके धरून बसलेला शेतकरी. या दोन चित्रांमध्ये जेमतेम चौदा महिन्यांचे अंतर आहे. पहिल्यात म्हातारा बसल्याची खूण आहे; दुसऱ्यात त्याचे वजन आहे. पाठीची कमान, ठिगळांच्या कपड्यांच्या ताठर चुण्या, जाड बुटांत घट्ट रुतलेले पाय: सारा भार खाली उतरत जातो आणि मुठींपाशी अडकून राहतो. येथेही चेहरा झाकलेला आहे. 'दुःख' आणि 'थकलेला' या दोन्ही चित्रांत भाव दाखवण्याचे जे हमखास ठिकाण, ते मुखच त्याने काढून घेतले आणि सारे बोलणे देहाच्या ठेवणीवर सोपवले. हे ज्याला साधले, त्याला शैली सापडली असे म्हणावयास हरकत नाही. दोष मात्र संपले नव्हते. हात थोडे मोठेच आहेत, बाह्यरेषा गरजेपेक्षा जाड आहे. पण आता ते हात मोठे असल्यामुळेच त्यांनी आयुष्यभर काम केले आहे हे पटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चुकांनाच शैली म्हणायचे ठरवले, तर प्रत्येक नवशिका शैलीदार ठरेल! मग फरक कोठे करायचा? याचे उत्तर व्हिन्सेंटने स्वतःच १८८५ च्या उन्हाळ्यात दिले आहे. तोपर्यंत तो सीनला सोडून न्यूनेन या खेड्यात आला होता आणि 'बटाटे खाणारे' हे मोठे चित्र त्याने पूर्ण केले होते. त्या चित्राच्या शिळाछापाची व्हान रॅपार्डने कठोर चिरफाड केली. हात खोटे, आकृत्या उथळ असे बजावले. व्हिन्सेंट दुखावला, मैत्री तुटली. परंतु त्याने पुन्हा आकृतीच्या अभ्यासाला हात घातला. खणणारे, कापणी करणारे, मोळ्या बांधणारे शेतकरी त्याने काळ्या खडूने मोठ्या कागदांवर काढले. या वेळी बाह्यरेषेपासून आरंभ न करता, देलाक्र्वाच्या उपदेशाप्रमाणे आकृतीच्या मध्यातून, गोलाकार घेऱ्यांतून तो देह उभा करू लागला. म्हणजे टीकेतला खरा भाग त्याने मुकाट्याने उचलला.

आणि त्याच उन्हाळ्यात थिओला त्याने जे कळवले त्याचा आशय असा: माझ्या आकृत्या अकादमीच्या दृष्टीने निर्दोष व्हाव्यात अशी माझी इच्छाच नाही, खणणाऱ्याचे छायाचित्र घेतले तर तो खणत असल्याचे दिसणार नाही. वास्तवापासून अशी फारकत घ्यावयास मला शिकायचे आहे, की जी असत्य वाटली तरी शब्दशः सत्याहून अधिक खरी असेल. यातील 'शिकायचे आहे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नवशिक्याची चूक कोठेही पडते, तिला दिशा नसते. व्हिन्सेंटचे वाकवणे नेहमी एकाच बाजूला आहे: श्रमाकडे, भाराकडे, मातीकडे. दहा रेखाटने शेजारी मांडून पाहिली आणि सर्वांतले दोष एकाच दिशेने झुकलेले दिसले, तर तो दोष नव्हे. ती त्या माणसाची दृष्टी आहे. फरक ओळखण्याची याहून साधी कसोटी मला ठाऊक नाही.

या घडणीची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. थिओने आयुष्यभर पैसा पुरवला. आणि सीन? १८८३ च्या सप्टेंबरात व्हिन्सेंट तिला व मुलांना हेगमध्ये सोडून निघून गेला. त्यालाही ते सुखाने करता आले नाही, हे पत्रांवरून दिसते. पण गेला हे खरे. १९०४ साली त्या बाईचा पाण्यात बुडून अंत झाला. 'दुःख' या चित्राची प्रशंसा करताना, त्यातला देह कोणाचा होता आणि त्या देहाच्या वाट्याला पुढे काय आले, याचा विसर पडू देऊ नये. शैली चित्रकाराची खरी. पण ती ज्यांना समोर बसवून घडली, त्यांचेही तिच्यात काही असते.

पुढची कथा आपल्याला परिचित आहे. १८८६ मध्ये तो पॅरिसला गेला, रंग उजळले; १८८८ मध्ये आर्ल येथे पेन्सिल मागे पडून बोरूची लेखणी हाती आली. पण गवताचे पाते असो की ढग, प्रत्येक फटकारा त्या वस्तूच्या घडणीच्या दिशेने जातो, हे वळण हेगमधल्या कोटाच्या चुण्या काढतानाच लागले होते. एकंदर दहा वर्षांत त्याने आठशेहून अधिक तैलचित्रे आणि हजाराहून अधिक रेखाटने केली. १८९० च्या मे महिन्यात, सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना, त्याने झाउडरलांडचा तोच विषय पुन्हा काढला. निळ्या कपड्यांतला म्हातारा, मुठींत चेहरा, बाजूला शेकोटी. या खेपेस तैलरंगात. आठ वर्षांपूर्वीची शिसपेन्सिलीची आकृती रंगाच्या आतून तशीच उभी आहे.

आणि त्यानंतरची एक लहानशी गोष्ट. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ओव्हेर या गावी आल्यावर, त्याने थिओकडे बार्गचा तो जुना पाठ्यक्रम मागितला; साठच्या साठ नग्नाकृती पुन्हा उतरवून काढायच्या आहेत म्हणून! २९ जुलै १८९० रोजी तो मरण पावला. म्हणजे ज्याची शैली आज जगातले कोणतेही मूल ओळखते, तो मनुष्य अखेरच्या उन्हाळ्यातदेखील कित्ता गिरवण्याच्या तयारीत होता.

महाराष्ट्रातली असंख्य मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी शिसपेन्सिल तासत असतात. त्यांतल्या एखाद्याने घरी येऊन 'माझी शैली कोणती?' असे विचारले, तर त्याला आपण घाईने उत्तर देऊ नये. त्याच्या वहीतली जुनी-नवी रेखाटने शेजारी शेजारी मांडावीत आणि त्याने कोणाला पुनःपुन्हा समोर बसवले आहे, ते पाहावे. आजीला, शेजारच्या शिंप्याला, की बाजारातल्या हमालाला? ज्याला तो पुनःपुन्हा काढतो आहे, त्याच्यापाशीच त्याला अजून काही वर्षे बसू द्यावे; आणि जमल्यास पेन्सिलीला व कागदाला पैसे द्यावेत.